रविवारचे खाडे

१

मी वाईट माणूस नाही. वाईट माणसंही सुरुवात अशीच करतात, हे मला माहीत आहे, तरी सांगून टाकतो.

मी कारखान्याच्या टाइम ऑफिसात आहे. सव्वीस वर्षं झाली. कोण किती वाजता आला, कोण किती वाजता गेला, कुणाचा खाडा पडला, हे सगळं माझ्या मस्टरवर. एकाने दुसऱ्याची हजेरी लावली की पकडायचं आणि मेमो द्यायचा. त्या कामात माझा हात धरणारा कोणी नाही. खरी सही घाईत असते आणि खोटी सही सांभाळून असते, एवढं मी लांबून ओळखतो. कामगार माझ्या माघारी मला घुबड म्हणतात. म्हणू देत.

आई पडली, तिचा उजवा खुबा गेला, मग डावा हात गेला. मी आणि बायको, दोघंही नोकरीवर. तीन महिने घरी बाई ठेवून बघितलं, मग तिला तिथे नेऊन ठेवलं. ताईने दूरदेशीहून फोनवर बजावलं, "वृद्धाश्रम म्हणायचं नाही हं धाकट्या, सेंटर म्हणायचं." मग आम्ही सेंटर म्हणायला लागलो. जणू आई तिथे कोर्स करायला गेली होती.

भेटीची वेळ रविवारी अकरा ते बारा. आईची खोली तळमजल्यावर, चार नंबर, खिडकी गाड्या लावायच्या जागेकडे उघडणारी. दोन पलंग, मध्ये पडदा, आईच्या उशाशी स्टूल आणि एक स्टीलची खुर्ची. दाराबाहेर खिळ्याला भेटीची वही टांगलेली: तारीख, वेळ, नातं, सही, शेरा. त्या तासाला तिथे एक पद्धत होती. वहीत नातेवाइकाची सही असली की देखभालीच्या मावशी खोलीत यायच्या नाहीत. पाणी पाजायचं, कूस बदलायची, ते नातेवाइकाने करायचं. तो तास मावशींचा कपडे वाळत घालायचा. मला ते ठीक वाटलं होतं. आपल्या माणसाचं आपण करावं, त्यात काय.

पहिला खाडा खरा होता. कारखान्यात मालाची मोजणी होती. दुसऱ्या रविवारी पाठ दुखत होती, म्हणजे थोडी दुखत होती. तिसऱ्या रविवारी मी मॅच बघत बसलो आणि साडेअकरा वाजल्यावर स्वतःला म्हणालो, आता कुठे जायचं, पोचेपर्यंत बारा वाजतील. खरं कारण वेगळंच होतं. आई दर वेळी निघताना माझी बाही धरायची आणि म्हणायची, "मला घरी ने ना रे." मोठ्याने नाही, हळूच, कुणाला कळू नये अशी. ते ऐकायचं माझ्याच्याने होत नव्हतं.

पण दर महिन्याच्या पाच तारखेला ताईला सेंटरचा मेल जायचा. आईचं वजन, रक्तदाब आणि भेटीच्या पानाचा फोटो. तीन रिकाम्या ओळी ताईला दिसल्या असत्या. म्हणून चौथ्या रविवारी मी दहा मिनिटं लवकर गेलो, व्हरांड्यात कोणी नाही बघितलं आणि तिन्ही ओळींवर सह्या ठोकल्या. दोन वेगवेगळ्या पेनांनी. घाईघाईत, खऱ्या वाटाव्यात अशा. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'तक्रार नाही'.

हे काम मला जमलं, याचं त्या क्षणी मला थोडं बरंही वाटलं. तेही लिहून ठेवतो.

२

आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी खुर्ची ओढली. खुर्चीच्या एका पायाचं रबर गेलेलं होतं, त्यामुळे ती फरशीवर करकरायची. आईने मान वळवली आणि माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली.

"आज बोलणार आहेस का?" ती म्हणाली.

"म्हणजे काय? बोलतोय की."

"गेल्या तीन वेळा नुसता बसून गेलास. तोंडातून चकार शब्द नाही. मी म्हटलं, याचं बायकोशी भांडण झालं असेल."

मी हसलो. आईला वयाप्रमाणे विसर पडायला लागलाच होता. कालचं परवावर घालायची, मला कधी मामाच्या नावाने हाक मारायची. मी म्हणालो, "अगं आई, मी आलोच नव्हतो ना. मोजणी होती."

"आला होतास," आई म्हणाली. "असा बसला होतास." तिने चांगला हात पांघरुणाबाहेर काढला आणि मांडीवर पालथा ठेवून दाखवला. "दोन्ही हात गुडघ्यावर. शाळेत फोटो काढताना बसवतात तसा. मी पाणी मागितलं, तर नुसता बघत राहिलास. स्टुलावर कप होता. तुझ्या हाताशी."

मी पटकन तोटीचा कप उचलला आणि तिच्या ओठांना लावला. तिने तो रिकामा केला. मी पुन्हा भरला, तोही रिकामा केला. ओठांची सालं निघाली होती.

म्हातारं माणूस आहे, मी मनाशी म्हणालो. वाट बघून बघून मनाने मला आणून बसवलं असेल. त्यात नवल काय? नवल एवढंच की ती पुन्हा पुन्हा 'तीन वेळा' असंच म्हणत होती. चार नाही, दोन नाही. मी कुणालाही तीनचा आकडा सांगितला नव्हता.

निघताना पडद्यापलीकडून आवाज आला, "अहो, जरा इकडे या."

शेजारच्या पलंगावर एक निवृत्त हेडबाई होत्या. डोळे जवळजवळ गेलेले, कान मात्र शाबूत आणि जीभ त्याहून शाबूत. मी पडद्याआड डोकावलो.

"तुमचं एक मला कळत नाही," हेडबाई म्हणाल्या. "आज तुम्ही बसलात तेव्हा खुर्ची वाजली. मागचे तीन रविवार वाजली नाही. आई तुमच्याशी बोलत होत्या, म्हणजे तुम्ही असणारच. मग बसलात तरी कसे?"

मी काहीतरी बोललो. बहुतेक म्हणालो, की उभाच होतो. बाहेर येऊन गाडीची किल्ली शोधायला मला फार वेळ लागला.

३

त्याच्या पुढच्या रविवारी मी न चुकता गेलो. आईची कूस बदलायला हात घातला आणि ती कळवळली. चादर बाजूला केली तर माकडहाडावर जखम. वाटीच्या तोंडाएवढी, कडा काळपट, आणि असा वास की मी तोंड फिरवलं. आईने ते पाहिलं. "राहू दे," ती म्हणाली, "झाक ते." तिलाच लाज वाटली. लाज वाटायची ती मला, आणि वाटली तिला.

माझं डोकं फिरलं. मी तडक मॅनेजरबाईंच्या खोलीत गेलो. टेबलावर हात आपटून म्हणालो, "माझ्या आईला पाठीला जखम झालीय! तुम्ही लोक करता काय इथे? माणूस आहे का गाठोडं?"

मॅनेजरबाई शांत बाई. त्यांनी मला बसवलं, आईची फाइल काढली. त्यात दर दोन तासांचा तक्ता होता: पाणी, कूस, स्वच्छता. प्रत्येक चौकोनात बरोबरची खूण. मी त्या खुणांकडे पाहिलं आणि मला एका नजरेत कळलं. सोमवार सकाळपासून शनिवार रात्रीपर्यंत सगळ्या खुणा एका हाताच्या, एका पेनाच्या, एका दमात मारलेल्या. कुणीही कूस बदललेली नव्हती. कुणीतरी आठवड्यातून एकदा बसून पान भरत होतं. अशी पानं पकडूनच मी सव्वीस वर्षं पगार घेतला आहे.

मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी बोट ठेवलं ते रविवारच्या चौकोनावर. अकरा ते बारा. तिथे खूण नव्हती. मावशींच्या अक्षरात लिहिलं होतं, 'मुलगा हजर'. खाली पुन्हा, त्याच्याखाली पुन्हा.

"तुम्हाला सांगायचं नव्हतं," मॅनेजरबाई म्हणाल्या, "नातेवाइकांना वाईट वाटतं. पण मावशी म्हणतात, तुम्ही येता आणि नुसते बसून असता. आई पाणी मागतात तरी उठत नाही. मावशींना वाटतं, घरचं माणूस समोर आहे, आपण मध्ये कसं पडायचं?"

"मावशींनी मला बघितलं?"

"बघितलं म्हणजे? दारातून दिसताच की. पाठमोरे."

माझा हिशेब मांडून झाला होता. मावशींनी वहीतल्या माझ्या सह्या नंतर बघितल्या असतील आणि तक्ता त्यावरून भरला असेल. पाठमोरं बघितलं वगैरे ही वर लावलेली फोडणी. आमच्याकडेही सुपरवायझर असंच करतात. पण सह्या मी केल्या चौथ्या रविवारी, आणि तक्त्याची ही पानं त्याआधीच फाइलला लागून, वर डॉक्टरांचा शिक्का बसलेली होती. शिक्क्यावर तारीख होती. मी ती दोनदा वाचली.

आता सांगायचं होतं एक साधं वाक्य. 'मी ते तीन रविवार इथे नव्हतोच.' ते वाक्य बोललो असतो तर फाइल उघडी पडली असती, त्यांच्या खुणा उघड्या पडल्या असत्या आणि आईची पाठ वाचली असती. पण त्यांनी लगेच विचारलं असतं, मग या सह्या कुणाच्या? आणि पाच तारखेला ताईला मेल गेला असता.

मी म्हणालो, "माझं चुकलं. इथून पुढे लक्ष ठेवीन."

"असू दे हो, होतं," त्या म्हणाल्या. मला इतकं हलकं वाटलं की त्यांनी पुढे काय विचारलं तेही मी नीट ऐकलं नाही. तपासणीवाले येणार होते, वह्या त्यांच्याकडे जायच्या होत्या. पुढच्या महिन्याचं भेटीचं पान भरलेलं असलं तर बरं दिसतं. तुम्ही तर नियमित येणारे. सगळेच नातेवाईक करून देतात.

मी चार सह्या केल्या. पुढच्या चार रविवारांच्या, आगाऊ. कारखान्यात याला मी निलंबन लावतो.

४

त्यातला पहिला रविवार. ठरवून निघालो होतो की अकराच्या ठोक्याला पोचायचं, पण रस्ता खणलेला, वळसा घेऊन पोचेपर्यंत अकरा वीस. व्हरांड्यात मावशी बादलीत चादरी पिळत होत्या.

"दादा, बाहेर कधी गेलात?" त्या म्हणाल्या.

"आत्ताच येतोय."

"असं होय," मावशी म्हणाल्या, आणि चादर पिळत राहिल्या. तो पीळ मात्र त्यांच्या हातात उगाचच जास्त वेळ राहिला.

दार लोटलेलं होतं. आत आई उताणी, जखमेवरच. खुर्ची पलंगाच्या अगदी जवळ, आईकडे तोंड करून. रिकामी. मी ती धरून मागे ओढणार, तोच आई म्हणाली, "तिथे नको बसूस."

"का गं?"

"तो उठला की बस."

मी खुर्चीकडे बघितलं. स्टीलची सीट, मध्ये थोडी दबलेली, एका कडेला गंज. दुसरं काही नाही. मी हात लावून बघू शकलो असतो. नाही लावला. खुर्चीला वळसा घालून पलीकडून आईजवळ गेलो, तिला कुशीवर केलं, पाठीमागे उशी दिली, तीन कप पाणी पाजलं. तो सगळा वेळ मी उभा होतो.

"तू किती चांगला आहेस," आई म्हणाली. "त्यालाही सांग की जरा."

"कुणाला, आई?"

"त्याला रे. त्याला रागवावंसं वाटतं, पण चेहरा तुझाच, मग मी काही बोलत नाही." ती जरा थांबली. "मी मागते ते त्याला ऐकू जातं. डोळ्यांत कळतं. ऐकू जातं आणि तरी देत नाही."

मी म्हणालो, "आई, पुढच्या आठवड्यात तुला घरी नेतो." तिने माझी बाही धरली नाही. कितीतरी रविवारांनी पहिल्यांदाच धरली नाही.

५

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं, म्हणजे जखमेचं सांगितलं. ती एका शब्दाने नाही म्हणाली नाही. "आणू या," म्हणाली, "मी रजा टाकते. मागची खोली रिकामी करू, पलंग हवा तसा भाड्याने मिळतो." मग म्हणाली, "ताईंना आधी कळवा, नाहीतर त्यांना वाटेल आपण एकदम काय केलं."

ताईला कळवायचं तर कारण सांगावं लागणार. जखम कशी झाली, तू दर आठवड्याला जात होतास ना, मग तुला दिसली कशी नाही? फोन मी दिवसातून चार वेळा हातात घ्यायचो आणि खाली ठेवायचो. असा तो आठवडा गेला. खोली तयार झाली नाही, ताईला फोन झाला नाही, आणि दुसरा रविवार आला. रिकाम्या हाताने आईसमोर जाऊन, 'आज नाही, पुढच्या वेळी', असं सांगायची हिंमत होईना. मी घरीच राहिलो. एक रविवार, म्हटलं. वहीत सही आहेच.

मी जेवणाच्या टेबलाशी पेपर वाचत बसलो होतो. एवढं मला पक्कं आठवतं.

मग बायको माझ्या खांद्याला धरून हलवत होती. तिच्या हातात लाटणं होतं आणि चेहरा उतरला होता. "अहो! अहो, काय होतंय तुम्हाला? डॉक्टरांना बोलावू का?"

"कुठे काय होतंय?"

"किती हाका मारल्या. गॅसवर दूध उतू गेलं तुमच्या नाकासमोर, जळका वास घरभर. तुम्ही आपले बघताय."

पेपर खाली पडला होता. माझे दोन्ही तळवे गुडघ्यांवर पालथे होते, घामाने पँटला चिकटलेले. घड्याळात बारा वाजून दोन मिनिटं झाली होती.

बसल्या बसल्या डोळा लागला असेल, मी म्हणालो. तिने ते ऐकून घेतलं. "डोळे उघडे होते," एवढंच म्हणाली, आणि दुधाचं भांडं घासायला घेतलं.

त्या दिवशी संध्याकाळी मी मॅनेजरबाईंना फोन केला. पुढच्या रविवारी आईला घरी नेतोय, कागद तयार ठेवा. त्यांनी हरकत घेतली नाही. सोमवारी बायकोने पलंग आणला, मऊ गादी आणली, खोलीत घंटा लावली. ताईला मात्र मी आई घरी आल्यावरच सांगायचं ठरवलं. आईला फोनवर दिलं की ताई मला काही विचारणार नाही, असा माझा हिशेब.

६

तिसरा रविवार. मी दहा पन्नासला पोचलो. गाडी नेहमीच्या जागी लावली, चार नंबरच्या खिडकीसमोर. मागच्या सीटवर दोन उशा होत्या, चादर होती, बायकोने भरून दिलेला पाण्याचा थर्मास होता. इंजिन बंद केलं आणि वर पाहिलं.

खिडकीचा पडदा अर्धा सरकलेला होता. खुर्चीत कोणीतरी बसलं होतं. पाठमोरं.

हेडबाईंकडे कोणी आलं असेल, मी मनाशी म्हणालो. मग म्हटलं, डॉक्टर असतील. मग पुढे काही सुचेना. माणसाला आपलं मागचं टक्कल कधी दिसत नाही. न्हावी मागे आरसा धरतो आणि विचारतो, ठीक आहे ना साहेब, तेव्हा तेवढं दिसतं. मी ते टक्कल ओळखलं. डावा खांदा जरा उतरलेला, तो ओळखला. शर्ट माझ्या अंगावर होता तोच होता.

ते हलत नव्हतं. श्वास घेताना पाठ थोडी तरी वरखाली होते. ती होत नव्हती.

त्याच्या पलीकडे आईचा हात दिसत होता. चांगला हात. तो वर यायचा, स्टुलाकडे जायचा, खाली पडायचा. जरा वेळाने पुन्हा वर यायचा.

लोक म्हणतील, घाबरला. घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू. पण दाराच्या हँडलवर हात होता तो भीतीने थांबला नाही. मी विचार करत होतो की आत गेलो तर आम्ही दोघं होऊ. मावशी येतील, मॅनेजरबाई येतील, विचारतील यातला खरा कोण. मग मला सांगावं लागेल की मी तीन रविवार आलोच नव्हतो, आणि गेल्या रविवारीही नव्हतो. हा विचार मी केला. आईचा हात समोर वरखाली होत असताना मी हा विचार केला. म्हटलं, भेटीची वेळ संपू दे, तो उठून गेला की आत जातो. म्हटलं, कुणीतरी मावशी जाईलच. मावशी जाणार नव्हत्या, हे जगात माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. वहीत सही होती.

मी घड्याळ बघितलं, अकरा पाच. पुन्हा बघितलं तेव्हा अकरा चाळीस होते आणि मधला वेळ कुठे गेला मला सांगता येत नाही. माझे हात हँडलवर नव्हते, गुडघ्यांवर होते. हात उचलावा असं मला वाटत होतं. वाटत होतं, पण उचलत नव्हतो. आईचा हात आता स्टुलापर्यंत पोचत नव्हता. मग तो वर येईनासा झाला.

तेव्हा त्या पाठीने मान किंचित वळवली. खिडकीकडे. गाल दिसला, कानाची पाळी दिसली, डोळ्याचा कोपरा दिसला. तो माझ्याकडे बघत होता की नाही, मला सांगता येणार नाही, पण त्याला मी तिथे असल्याचं माहीत होतं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता की हसू नव्हतं. नुसती लाज होती. मी माझा चेहरा इतका लाजलेला कधी पाहिला नव्हता.

७

काचेवर टकटक झाली. मावशी उभ्या होत्या, पदराने डोळे पुसत. मी काच खाली केली.

"दादा, बाहेर येऊन बसलात होय," त्या म्हणाल्या. "बरोबर आहे. कुणाला बघवतंय? मी आत आले तर खुर्ची रिकामी, आणि आजी..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "पण एक सांगू? तुम्ही शेवटपर्यंत समोर बसलात. सगळ्यांना नाही जमत. इथे वर्षानुवर्षं कुणाचं माणूस फिरकत नाही."

बारा वाजून पाच मिनिटं झाली होती.

खोलीत आईचं तोंड उघडं होतं, जीभ कोरडी. स्टुलावर कप होता, काठोकाठ भरलेला. मी तिचे डोळे मिटले. पडद्यापलीकडून हेडबाईंनी मला हाक मारली नाही. त्या भिंतीकडे वळून झोपल्या होत्या आणि त्यांची पाठ गाऊनच्या फटीतून दिसत होती. त्यांच्याही माकडहाडावर पट्टी होती, ओली, पिवळी पडलेली.

ऑफिसात मॅनेजरबाईंनी पाणी दिलं. मी प्यायलो. मग त्यांनी एक छापील कागद पुढे केला. 'अखेरच्या वेळी हजर असलेले नातेवाईक'. पुढे लिहिलं होतं, मुलगा. त्यापुढे सही होती.

"ही मघाशीच केलीत तुम्ही," त्या म्हणाल्या. "फक्त वाचून घ्या."

मी कागद उजेडात धरला. सव्वीस वर्षांत किती सह्या तपासल्या असतील याची गणती नाही. फराटा बघितला, दाब बघितला, घाई बघितली. सही खरी होती. माझीच होती. कुठल्याही चौकशीत मी तसंच सांगितलं असतं.

अजूनही एक वाक्य शिल्लक होतं. ते बोललो असतो तर आईला उपयोग नव्हता, पण चौकशी लागली असती, तक्ते निघाले असते, आणि पडद्यापलीकडच्या त्या पाठीला कुणीतरी हात लावला असता. मॅनेजरबाई माझ्याकडे बघत होत्या. मी कागद घडी न करता परत दिला. "बरोबर आहे," म्हणालो.

मग व्हरांड्यात येऊन ताईला फोन लावला. तिकडे तिची संध्याकाळ होती. ती खूप वेळ नुसती रडत होती, मी ऐकत होतो. मग नाक ओढून तिने विचारलं, "धाकट्या, मला एवढंच सांग. ती एकटी नव्हती ना रे?"

"नाही," मी म्हणालो. "मी होतो."

"तुझं नशीब मोठं," ताई म्हणाली. "मला ते मिळालं नाही. तू होतास म्हणून मी हे सहन करू शकते, नाहीतर मी वेडीच झाले असते." आणि मग ती माझे आभार मानायला लागली, एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा, आणि मी फोन कानाला लावून ते सगळे आभार शेवटपर्यंत ऐकून घेतले.